तिळातिळानं मोजणारी फळी

"टाच टेकव, डोळे वर,
वाढ गं बाई बोटभर;
बोटभर नाही, तिळभर तरी,
तीळ घेऊन जाऊ घरी!"

हा आवाज विमलमावशींचा. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात, मुलांच्या हाडांच्या विभागात त्या मदतनीस होत्या. मी तो पहिल्यांदा ऐकला, तेव्हा माझ्या अंगाला अजून ताज्या भुशाचा वास येत होता.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. तुमची उंची भिंतीला टेकून, उभ्यानं मोजतात. माझ्याकडे मात्र मुलं ऐटीत झोपतात. डोक्याशी एक पक्की पाटी, पायाशी एक सरकती पाटी आणि कडेला सेंटिमीटरच्या रेघा, एवढाच माझा संसार.

टिंबर मार्केटातल्या सीताराम मिस्त्रींनी मला घडवलं. ही फळी कुणासाठी, असं त्यांनी विचारलं होतं. ज्या मुलांची हाडं बांगडीसारखी चटकन मोडतात त्यांच्यासाठी, असं उत्तर आलं. मग मिस्त्रींनी माझी एकेक कड तळहातानं चाचपून पुन्हा घासली आणि सरकत्या पाटीला आतून घोंगडीचा तुकडा लावला. म्हणाले, "पोरांच्या तळव्याला टोचायला नको." आजही तो तुकडा माझ्या अंगावर आहे. विटलाय, पण उबदार आहे.

ते साल एकोणीसशे नव्याण्णव. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघत होते आणि आमच्या विभागात एक नवं औषध आलं होतं. सलाईनमधून द्यायचं, ठिसूळ हाडं बळकट करायचं. पण वर्षानुवर्षं ते घेतलं तर पुढे काय? उंची खुंटेल? आणखी काही दुखेल? मुलांच्या आया विचारायच्या, तेव्हा आमच्या डॉक्टर श्यामला मॅडम चष्मा पुसत म्हणायच्या, "मला माहीत नाही. म्हणून तर मोजायचं."

मग दर सहा महिन्यांनी मोजणं सुरू झालं. एका मुलाला तीनदा मोजायचं आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "काही त्रास?" जे उत्तर येईल ते कागदावर उतरायचं.

पूर्णिमा पहिल्यांदा आली ती आईच्या कडेवर, मऊ गोधडीत गुंडाळून. सात वर्षांची पोर, आणि अकरा वेळा हाड मोडलेलं! आई कांताबाई वाशीमकडच्या. बिबवेवाडीत शाळेचे गणवेश शिवायच्या. औषध सुरू झालं. दुसऱ्या वर्षी एकदाच हाड मोडलं, तिसऱ्या वर्षी एकदाही नाही. चौथ्या वर्षी पूर्णिमा दारातून स्वतःच्या पायांनी चालत माझ्यापर्यंत आली.

विमलमावशींनी कंबरेवर हात ठेवले. "आलात का राणीसाहेब? आता मला उचलायला कोण उरलं? तुझ्या आईलाच उचलते!"

कांताबाई हसता हसता रडल्या. मीही हसले असते, पण फळीला तोंड नसतं.

त्याच दिवशी एक गोष्ट मात्र घडली. बद्रीनाथ नावाच्या मुलानं पोट दुखतं असं सांगितलं, म्हणून तपासण्या होईपर्यंत दोन महिने त्याचं औषध थांबवलं. कांताबाईंनी ते ऐकलं. लेकीची वेणी घालता घालता त्या तिच्या कानात म्हणाल्या, "मॅडमनं इचारलं का, काही त्रास नाही म्हन, माय. दवा बंद केली तं मंग?"

पोर शहाणी. तेव्हापासून दरवेळी तेच गोड उत्तर, "काही त्रास नाही, मॅडम." मावशींच्या गाण्यासारखं तेही पाठ झालं. कांताबाईंवर रागावू नका हं मित्रांनो. अकरा वेळा मोडलेलं लेकरू ज्या आईनं कुशीत धरलंय, तिची भीती मोजायला माझ्या रेघा पुरायच्या नाहीत.

मधे एकदा माझे वाईट दिवस आले. आकडे लुकलुकणारं चकचकीत यंत्र आलं आणि मी कपाटामागे गेले. कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. महिन्याभरात कागदावर सगळी मुलं अर्धा सेंटिमीटर बुटकी झाली! मॅडम वैतागल्या. "मुलं आखडली की यंत्र? पहिल्या दिवसापासून ज्या मापानं मोजलं, त्याच मापानं पुढे मोजायला हवं. आणा ती फळी." मावशींनी मला पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "ये गं बाई माहेरी."

दोन हजार तेरा साल उजाडलं. पूर्णिमा आता हिंजवडीला कंपनीच्या बसनं जायची. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची. त्या सकाळी ती माझ्यावर झोपली आणि मला कळलं. उजवा पाय सरळ करताना तिची मांडी थरारली, श्वास अडकला. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. लाकडाला हे कळतं, पण सांगता येत नाही.

शेजारच्या बाकावर सहा वर्षांची पूर्वा आईच्या मांडीवर बसली होती. तिचं औषध सुरू करायचं की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. तिच्या आईचा धीर होत नव्हता. मॅडम तिला समजावत होत्या, "आमची ही पूर्णिमा बघा. चौदा वर्षं औषध घेतेय. कागदावर एकदाही त्रास नाही."

माझ्यावर झोपलेल्या पूर्णिमाचे डोळे छताला खिळले. तिच्या पाठीचा घाम माझ्यात मुरला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. तिच्या मांडीच्या हाडात एक केसाएवढी रेघ सापडली. हाड मोडायच्या आत सापडली, म्हणून भागलं. फार वर्षं घेतलेल्या औषधानंच ती पडली असावी, म्हणून औषध थांबलं, काही महिने कुबड्या आल्या, आज ती पुन्हा बस पकडते आणि जागेसाठी भांडतेसुद्धा. पूर्वालाही औषध मिळालं, पण मांडीवर लक्ष ठेवून. पूर्णिमामागून बद्रीनाथ पुन्हा बोलला, आणखी सात जण बोलले, आणि मॅडमचे कागद पहिल्यांदा खरे झाले.

म्हणून मुलांनो, माझी घोंगडी जपा, माझ्या रेघा पुसू नका. आणि कुणी "काही त्रास?" असं विचारलं, तर जे असेल ते सांगा. उंची मी सांगेन. दुखणं तुम्हीच सांगायचं असतं.

तर त्या सकाळी पूर्वा आईच्या मांडीवरून उतरली, माझ्या कडेला हनुवटी टेकून उभी राहिली आणि तिनं हळूच विचारलं, "ताई, दुखतं का गं?"

पूर्णिमानं तिच्याकडे मान वळवली.

"हो गं राणी, दुखतं. मॅडम, लिहून घ्या. आठ महिने झाले, उजवी मांडी ठणकतेय. आणि लहानपणी प्रत्येक सलाईननंतर दोन-दोन दिवस अंग मोडून यायचं. मी एकदाही सांगितलं नाही."