एकही फुगा न ठेवता

गल्लीत तिला सगळे ताईच म्हणायचे. कपडे आल्टर करून देणारी ताई. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार आणि मध्ये एक पडदा. तो पडदा तिनेच शिवला होता आणि तो तिला एक दिवसही आवडला नव्हता. लोकांच्या कपड्यांपुढे घरच्या पडद्याला वेळ कोण देणार?

त्या रविवारी सकाळी अकराला टीव्हीवर ती डॉक्युमेंटरी लागणार होती. धाकटी बहीण दहालाच येऊन बसली. घरात तिला अजून छोटीच म्हणायचे, जरी तिचे कानाजवळचे केस ताईच्या आधी पांढरे झाले होते. चार वर्षांपूर्वी एका गोदामाला आग लागली आणि पाच माणसं गेली, त्यांत छोटीचा नवरा होता. आज त्याचा फोटो दाखवणार होते.

"एकटीने नाही बघवणार गं ताई," ती म्हणाली. मुलीला तिने शेजारणीकडे ठेवलं होतं. पण मुलीच्या नव्या वह्यांची पिशवी मात्र आठवणीने आणली होती. शाळा उघडायला तीनच दिवस राहिले होते, आणि वह्यांवर लेबलं लावायची तर ती भावोजींनीच, असा दोन्ही घरांचा कायदा होता.

भावोजी म्हणजे ताईचा नवरा. लेबल लावावं तर त्यानेच. आधी तळहाताच्या कडेने कव्हर पुसायचं, त्यावर एक हलकी फुंकर मारायची, मग लेबल ठेवून मधोमध अंगठा दाबायचा आणि तो मधून कडेला, मधून कडेला फिरवत न्यायचा. एक सुरकुती नाही, हवेचा एक फुगा नाही. भाचीच्या वर्गातल्या बाईंनी एकदा विचारलं होतं, वह्या छापखान्यातून आणता का म्हणून. घरात सगळे कौतुकाने हसले. ही कला त्याला कुठून आली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आज तो घरात नव्हता. "मला ते बघवणार नाही," म्हणून सकाळीच चपला घालून निघून गेला. ताईला त्यात वावगं वाटलं नाही. गोदामात जी आग विझवायची लाल नळकांडी टांगलेली होती, ती भरून देणाऱ्या कंपनीतच तो तेव्हा कामाला होता. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. पण तो गाडीवर होता, माल चढवायचा, उतरवायचा. आत शेडमध्ये काय चालतं ते त्याला काय ठाऊक? पोलिसांना त्याने हेच सांगितलं आणि छोटीलाही हेच सांगितलं. दोन महिन्यांनी पाठीचं निमित्त करून त्याने नोकरी सोडली. छोटीने त्याच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. उलट तीच म्हणायची, "भावोजी बाहेरचे. आतल्या कुणीतरी तोंड उघडलं पाहिजे, ताई. एकाने. फक्त एकाने."

अकरा वाजले. टीव्हीवर आधी नळकांड्यांच्या कंपनीचा मालक आला, कुठल्याशा जुन्या समारंभात. गळ्यात हार, हातात माईक आणि तोंडात सुरक्षा, सुरक्षा, सुरक्षा. माणसाने किती वेळा एकच शब्द बोलावा! मग त्याचं घर दाखवलं, मग दुसरं घर, मग तिसरं. छोटी म्हणाली, "झोपतो तरी कुठल्या घरात?" ताईला हसू आलं, आणि त्या दिवसातलं ते शेवटचं हसू ठरलं.

मग गोदामातून वाचलेला एक कामगार आला. त्याचा एक कान जळालेला होता. त्याने सांगितलं, "तिघांनी तीन नळकांडी उचलली. पिन ओढली, दांडा दाबला. नुसतं फुस्स. पावडर दगड झालेली, गॅसचा पत्ता नाही. आम्ही दोघं दाराकडे पळालो. तो म्हणाला, थांबा, मागच्या भिंतीला चौथं आहे. तारीख याच महिन्याची आहे, ते चालेल."

तो म्हणजे छोटीचा नवरा. त्याचा फोटो आला. छोटीने तोंडावर ओढणी धरली. ताईने तिचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

फोटो गेला आणि एक काळोखी खोली आली. खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. तोंड अंधारात होतं, आवाज यंत्राने जाड केलेला. उजेड पडला होता तो फक्त हातांवर.

"एक नळकांडं नीट भरायला वीस मिनिटं लागतात," तो जाड आवाज सांगत होता. "उघडायचं, जुनी पावडर काढायची, नवी भरायची, वजन करायचं. स्टिकर लावायला अर्धं मिनिट. शेडमध्ये फळा होता. आज किती, काल किती. आकडा वाढला की बक्षीस, कमी झाला की सगळ्यांसमोर पाणउतारा. मग भरणं बंद झालं. पुसायचं, नव्या तारखेचं स्टिकर लावायचं, पुढे ढकलायचं. दिवसाला दोनशे. ते स्टिकर मी लावायचो."

"कसं लावायचात, दाखवाल?" प्रश्न विचारणाऱ्या बाईने एक लाल नळकांडं पुढे ठेवलं.

तळहाताच्या कडेने पत्रा पुसला गेला. अंधारातून फुंकरीचा आवाज आला. अंगठा मधोमध टेकला आणि मधून कडेला, मधून कडेला फिरत गेला.

ताईने तो अंगठा ओळखला. तरी एक क्षण ती स्वतःशी भांडली, जगात काय एकच माणूस असं स्टिकर लावतो? मग हात वळला आणि कफ दिसला. डाव्या कफाला सगळीकडे असतं तसं पांढरं बटण नव्हतं, तपकिरी होतं. पांढरी संपली होती म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिनेच लावलेलं, स्वतःच्या हाताने. चुलतभावाकडे जायचंय, घाई आहे, म्हणून तो उंबऱ्यात उभा होता, आणि तिने शर्ट त्याच्या अंगावरच ठेवून बटण टाचलं होतं, दात लावून दोरा तोडला होता.

तोंड झाकलं, आवाज बदलला. तिचं बटण कुणी झाकलं नाही.

आणि तो शर्ट या क्षणी समोरच्या गॅलरीत दोरीवर लटकत होता, दोन्ही बाह्या खाली सोडून. छोटी जिथे बसली होती तिथून अगदी समोर.

ताई उठली. का उठली, हे तिचं तिलाही नीट कळलं नाही. गॅलरीत जाऊन तिने तो शर्ट दोरीवरून ओढला, गोळा करून पोटाशी धरला आणि आत आणून मशीनच्या खणात कोंबला. खणातल्या टेप, खडू, काजांच्या दोऱ्यांवर पाणी उतरायला लागलं.

"ओला होता ना गं तो?" छोटीने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

"पक्षी घाण करतात," ताई म्हणाली. तोंडाला आलं ते बोलली.

टीव्हीवरची बाई सांगत होती की शेडमधल्या एकाही कामगाराने आजवर नाव देऊन साक्ष दिलेली नाही. या माणसानेही नाव द्यायला नकार दिला. त्यामुळे खटला जागच्या जागी आहे आणि मालक जामिनावर बाहेर. त्याने मेहुणीच्या नावावर नवी कंपनी काढली आहे. ती कंपनी इमारतींच्या लिफ्ट तपासून सर्टिफिकेट देते.

डॉक्युमेंटरी संपली. ताईने टीव्ही बंद केला आणि वह्यांची पिशवी उचलली. "ह्यांना यायला उशीर होईल. लेबलं मीच लावून ठेवते, संध्याकाळी ने."

"नको," छोटी म्हणाली. "भावोजींनाच लावू दे. मी थांबते."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. ताईला त्याचीच भीती वाटली.

साडेबाराला तो आला. छोटीकडे बघून मान हलवली, कशी होती वगैरे विचारलं नाही, आणि पाणी प्यायला सरळ मागच्या खोलीत गेला. ताई त्याच्या पाठोपाठ गेली आणि पडदा ओढून घेतला.

"बटण तरी बदलून जायचं होतं," ती दबक्या आवाजात म्हणाली.

त्याचा हात पेल्यावर थांबला. थोड्या वेळाने तो खाली बसला, नेहमीच्या पाटावर नाही, नुसत्या फरशीवर. "तोंड दाखवणार नाही म्हणाले होते."

"गाडीवर होतात ना तुम्ही?"

"पहिलं वर्ष होतो. मग आत घेतलं. हात साफ आहे म्हणाले."

"चार वर्षं. चार वर्षं ती या घरात जेवते, तुमच्या हाताने पोरीच्या वह्यांना लेबलं लावून नेते. आणि तुम्ही लावता! हात कसा झडला नाही तुमचा?"

"मला सहन होत नव्हतं गं. कुणाला तरी सांगायचं होतं. सांगून मोकळं व्हावं म्हणून गेलो."

"अंधारात बसून मोकळं होतं का कुणी?"

तो रडायला लागला, आवाज न करता, तोंडावर दोन्ही हात ठेवून. ताईला त्याची दया आली आणि दया आल्याचा राग आला. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिने चार वर्षं झाकून ठेवली होती.

मोटारचं मशीन. आगीच्या आधीच्या वर्षी त्याने ते आणलं, कंपनीने बक्षीस दिलं म्हणून. तेव्हा ती म्हणाली होती, गाडीवाल्यांना कसलं बक्षीस? सगळ्यांना दिलंय, तो म्हणाला. त्याच आठवड्यात एका गाडीवाल्याची बायको मुलीचा फ्रॉक शिवायला आली होती. तिच्या घरी काहीही आलं नव्हतं. ताईने ते ऐकलं, फ्रॉकचं माप घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही. मशीन फार छान चालत होतं. पायाला त्रास नाही, दिवसाला दुप्पट काम. आग लागल्यावरही तिने विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याचा तिला अंदाज होता. आज तिने पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं की डोळ्यांवर कातडं एकट्या नवऱ्याने ओढलं नव्हतं.

"आता काय करायचं?" त्याने विचारलं. "तिला सांगू? केस पुढे सरकली तर मीही आत जाईन. तुझं कसं होईल?"

तिच्या मनात तयार होतं ते सांगायला हरकत नाही. ती सांगणार होती, हाताला पट्टी बांधा, मुरगळला म्हणा, आजचा दिवस निघू दे. कापडाची पट्टी तिने शोधलीही होती. ती हातात होती. तेवढ्यात पडद्यापलीकडून खण उघडल्याचा आवाज आला. तो खण ओढला की करकरतो, कितीही तेल घाला.

दोघं बाहेर आली तेव्हा छोटी दोरीपाशी उभी होती. तिने शर्ट झटकून, सुरकुत्या काढून परत वाळत घातला होता. डाव्या बाहीची घडी सरळ करत होती.

"ओला कोंबून ठेवलास तर वास मारेल, ताई," ती म्हणाली. मग आत येऊन तिने मशीनवर वह्या मांडल्या, लेबलांचा कागद काढला, पेन ठेवलं आणि भावोजींसाठी स्टूल ओढलं. "बसा."

तो बसला. पट्टी ताईच्या मुठीतच राहिली. तिला वाटलं, छोटीने ओरडावं, वह्या फेकाव्यात, भावोजींच्या थोबाडीत मारावी. तसं काही झालं असतं तर तिला रडता आलं असतं.

"हातावरून मला आधीच कळलं होतं," छोटी म्हणाली. "पण वाटलं, नसेल. माझंच मन वाईट. मग तू शर्ट काढायला उठलीस." ती ताईकडे बघत नव्हती. "तू लपवलास. मला त्याचं जास्त लागलं."

ताई म्हणाली, "चुकलं माझं." हे चार वर्षांचं चुकलं होतं, पण एवढंच बोलता आलं.

"चौथं नळकांडं काढायला मागे गेला तो," छोटी त्याला म्हणाली. "तारीख वाचून गेला. स्टिकर नवं होतं ना, गुळगुळीत. विश्वास बसला त्याचा."

सवयीने त्याचा हात पहिल्या वहीवर गेला, तळहाताची कडा कव्हरवरून फिरली आणि मध्येच थांबली.

छोटीने एक लेबल सोडवून त्याच्यासमोर धरलं. त्यावर ओळी छापलेल्या होत्या. नाव. इयत्ता. विषय.

"लिहा," ती म्हणाली. "पोरीचं नको. तुमचं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. चार वर्षं मी एका नावासाठी हिंडते आहे."

त्याने ताईकडे पाहिलं. नेहमी असंच पाहायचा, शर्ट कुठला घालू, भाजी कुठली आणू. ताईने मुठीतली पट्टी मशीनवर ठेवली. मग पेनचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं.

त्याला लिहायला बराच वेळ लागला. अक्षर वाईट आलं, आडनाव रेघेबाहेर गेलं. लेबल त्याने वहीवर ठेवलं आणि अंगठा मधोमध टेकवला. मधून कडेला फिरवता फिरवता तो दोनदा अडला, आणि नावाच्या खाली हवेचा एक मोठा फुगा राहिला.

तो दाबून काढायला त्याने पुन्हा अंगठा टेकवला, तशी छोटीने वही ओढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "वकिलांना असंच दाखवते."