न्हाणीतली पितळी दांडी

गेल्या पोळ्याला पार्बताबाई न्हाणीत घसरल्या आणि तेव्हापासून त्यांची आंघोळ सुनेच्या हाती गेली. शकुन काही वाईट नव्हती. पण उभा जन्म घर चालवलेल्या बाईनं लेकरासारखं दंड धरून बसवून घ्यायचं, पाठ चोळून घ्यायची, ही काय रीत झाली? त्यांना एकच हवं होतं. आतून कडी लावून, एकटीनं, कुणी न धरता आंघोळ.

हे ऐकून त्यांचे यजमान किसनराव सरळ कामाला लागले. परतवाड्याला जंगलखात्याच्या साहेबाच्या बंगल्यावर भाजी पोचवताना त्यांनी पांढऱ्या फरशांची न्हाणी आणि भिंतीला धरायची दांडी पाहिली होती. तशीच न्हाणी त्यांनी स्वयंपाकघराला लागून काढली. फरशा मुंबईच्या, दांडी अमरावतीची. भिंत मात्र घरच्या तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा कूड, वरून चुन्याचा गिलावा आणि त्यावर फरशा. शेतात तुराट्या पडल्या असताना विटा विकत घेणारा माळी अजून जन्मायचा होता.

पार्बताबाईंनी टरबूज पारखावं तशी भिंतीवर टिचकी मारली.

"अवो, हे तं पोकळ हाय. दांडी कशात धरीन?"

"तुले काय कयते? सा इंची खिळे ठोकले म्या."

"मंग लोंबकळून दाखवा."

किसनराव लोंबकळले. दांडी निघाली, सोबत दोन फरशा निघाल्या, आणि किसनराव पागोट्यासकट घंगाळात बसले. शकुन तोंडात पदर कोंबून पळाली. पार्बताबाईंनाही हसू आवरेना. पण हसता हसता डोळे भरले, कारण त्यांची एकटीची आंघोळही त्याच घंगाळात बुडाली होती.

दुसऱ्या दिवशी तोड त्यांनीच काढली. "गोठ्यातलं जू द्या. कुडाच्या पल्याड दोन मेढींवर आडवं ठेवा अन् बोल्ट आरपार घाला."

म्हातारी बैलजोडी गेल्यापासून त्या सागवानी जुवाला किसनरावांनी कुणाचा हात लागू दिला नव्हता.

"जुवाले भोकं पाडू?"

"बैलाइचा जोर पेलला त्यानं. माहा नाही पेलणार?"

चंद्रभान सुतार आला. फरशी तडकू नये म्हणून हातोडीला हात न लावता त्यानं गिरमिटानं हळूहळू भोकं पाडली. स्वयंपाकघराच्या बाजूनं दोन खांबांवर जू बसलं, बोल्ट आरपार गेले, न्हाणीत दांडी आली. पार्बताबाईंनी हिसका देऊन पाहिला. दांडी जागची हलली नाही.

सकाळी त्यांनी आतून कडी लावली. दांडी धरून बसल्या, दांडी धरून उठल्या, गंगा-गोदावरीची नावं घेत मनसोक्त पाणी ओतलं. मग केस पुसत तोऱ्यात स्वयंपाकघरात आल्या.

चुलीवरचं दूध उतू गेलं होतं. किसनराव भिंतीशी पाय रोवून, दोन्ही हातांनी जू आपल्याकडे ओढून उभे होते. अंगावर घामाच्या धारा.

"हे काय करून राहिले जी?"

"बोल्टाचा काय भरोसा?" ते धापा टाकत म्हणाले. "झाली का तुही आंगोय? सोडू?"

पार्बताबाईंना खरं तर रागवायचं होतं. कुणी न धरता म्हणून केलेली आंघोळ, आणि हा माणूस सगळा वेळ पलीकडून धरून उभा! पण ऊर असा भरून आला की राग सापडेचना.

"सोडा," त्या म्हणाल्या. मग दुधाचं भांडं उतरवता उतरवता, त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "उद्या बी धरजा."