हातमोज्यातला बल्ब

आमच्या घरात एका बल्बाची जेवढी बडदास्त राखली गेली, तेवढी माझी बाळंतपणातही राखली गेली नव्हती. हा बल्ब स्लाइड प्रोजेक्टरचा. माझे यजमान रमाकांत यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी हौसेने प्रोजेक्टर घेतला आणि त्याच्याबरोबर घरात नियम आले. बल्बाला उघडं बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल काचेला लागलं की ती तिथेच तापून फुटते. गरम प्रोजेक्टर हलवायचा नाही. बल्ब विझवला तरी पंखा दहा मिनिटं चालू ठेवायचा. बल्ब बदलताना यांच्या हातांत पांढरे सुती हातमोजे असत. आमच्या लेकीला, मालविकेला, शुभंकरोतीबरोबर हे सगळं पाठ होतं.

पुढे रावपुऱ्यातल्या दुकानदाराने एक बल्ब दिला आणि हसून सांगितलं, "काका, हवे आवा नहीं मळे." म्हणजे असे बल्ब आता मिळायचे नाहीत, हा शेवटचा. तो कपाटात गेला, तो गेलाच. बल्ब वाचावा म्हणून स्लाइड बघणंच बंद झालं. बल्ब टिकवायचा याहून खात्रीचा उपाय नाही, हे मलाही मान्य आहे.

मग मागच्या पुरात मांजलपूरच्या आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि सगळे आल्बम लगदा होऊन गेले. माळ्यावरच्या स्लाइड तेवढ्या वाचल्या. त्यांत माझ्या आईची एक आहे. आता जगात तिचा फोटो तेवढाच. आणि हल्ली मला आईचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, फार लाज वाटायची.

"अहो, आईची ती स्लाइड एकदा दाखवा."

"अगं, एकच बल्ब उरलाय."

"मग मी खिडकीशी धरून बघते."

"छे! बोटांचे डाग पडतील."

शेवटी माझं डोकं फिरलं. "कुणासाठी राखताय तो बल्ब? तुमच्यामागे मी काही त्याला सांभाळत बसणार नाही!"

दोन दिवसांनी हे म्हणाले, "दसऱ्याला दुपारी बघू."

आदल्या दिवशी खंडेनवमी. पाटावर पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, माझी कात्री, विळी, आणि मधोमध रेशमी रुमालावर बल्ब. यांनी सोवळं नेसून एकेका हत्याराला हळदकुंकू लावलं. बल्बाला जरा जास्तच, मायेने, अनामिका टेकवून. पूजेला कोणी हातमोजे घालून बसतं का? मी शेजारीच निरांजन घेऊन बसले होते. मलाही काही सुचलं नाही.

दसऱ्याला पडदे ओढले. यांनी हातमोजे चढवले, बल्बावरचं कुंकू कोरड्या फडक्याने अलगद टिपलं आणि तो बसवला. आईची स्लाइड नववी. थेट तिच्यावर जायला हे तयार नव्हते, क्रम म्हणजे क्रम. पावागड झाला, पावागडाची पायरी झाली, पायरीवर बसलेले दीर झाले. चौथ्या स्लाइडला टक्कन आवाज आला आणि भिंत काळी झाली.

तरीही यांनी पंखा दहा मिनिटं चालू ठेवला.

मग झाकण उघडलं. जिथे कुंकवाचं बोट लागलं होतं, नेमका तिथेच काचेला फुगा येऊन ती तडकली होती. हे तसेच, हातमोजे घातलेले हात मांडीवर ठेवून बसून राहिले. इतकं केविलवाणं तोंड मी यांचं निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण मी उठले, पडदा सारला आणि नववी स्लाइड उघड्या बोटांनी उचलली.

"अगं, बोटं..." म्हणून हे थांबले.

खिडकीच्या उजेडात आई दिसली. नखाएवढी, पण अगदी तीच. हनुवटीवरचं गोंदण, हसताना मिटणारा डावा डोळा. मला हुंदका आवरेना. हे मागे येऊन उभे राहिले आणि माझ्या खांद्यावरून बघू लागले.

तीही खंडेनवमीच होती, प्रोजेक्टरची पहिली. आई वाकून त्याला कुंकू लावत होती, बाहेरून, पत्र्याच्या डब्याला.

यांनी हातमोजे काढले आणि स्लाइड माझ्याकडून मागून घेतली.