फत्तेसिंगच्या दारी आलेली पोरं

तुरुंगातून सुटून फत्तेसिंग यशवंतपुरात परतला, तेव्हा आई वारली होती. थोरली बहीण ठकुबाई त्याला ताट वाढायची आणि तो जेवेपर्यंत परसात जाऊन बसायची. तालमीत त्याला मज्जाव होता. कुस्तीवरून पेटलेल्या भांडणात त्यानं रघुजी शिंप्याचा डोळा फोडला होता, आणि गल्ली ते विसरली नव्हती.

एकोणसाठ सालच्या शिमग्यात एका संध्याकाळी दार वाजलं. बाहेर चार-पाच तरणी पोरं उभी होती. पुढं खंडोजी, ओठ फुटलेला, हातात सायकलची साखळी.

"अण्णा, वरच्या गल्लीतल्यांनी मारलं मला. तुम्ही पुढं असलात की एकजण उभा राहायचा नाही."

अण्णा. सुटून आल्यापासून असं कुणी बोलावलं नव्हतं. फत्तेसिंगनं चपला पायात सरकवल्यासुद्धा.

मग त्यानं विचारलं, "भांडण कशावरून?"

"माझ्या बापाला दारुडा म्हणाले. सगळ्यांसमोर हसले."

"पितो का तो?"

खंडोजी खाली बघत म्हणाला, "पितो. घरी मारतो पण."

फत्तेसिंग त्याच्याकडं बघत राहिला. त्या कुस्तीच्या वेळी त्याच्यावरही लोक असेच हसले होते. काय झालं म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

"बरं, चला. पण आधी माझ्याबरोबर."

त्यानं त्यांना रघुजीच्या दुकानात नेलं. रघुजी दिव्याजवळ सुईत दोरा ओवत होता. दोरा नेढ्याच्या बाजूनं जात होता. पावलं ऐकून त्यानं अख्खी मान वळवली आणि त्याचा हात थांबला.

"हे मारामारीला निघालेत," फत्तेसिंग म्हणाला. "मी काय करून ठेवलं ते बघू देत."

"मी काय जत्रेतला खेळ आहे?"

रघुजीनं पुन्हा दोरा धरला, पुन्हा चुकला. खंडोजीनं साखळी खाली ठेवली, सुई घेतली आणि ओवून दिली.

"ह्याला विसरायला बघतो, पोरा," रघुजी म्हणाला. "जमत नाही. तू कुणाच्या असा लक्षात राहू नकोस." मग फत्तेसिंगकडं न बघता, "तू परत येऊ नकोस इथं."

त्या संध्याकाळी वरच्या गल्लीत कुणी गेलं नाही. पुढं खंडोजी दुकानात काजं करायला बसू लागला. बाप पिऊन आला की तिथंच थांबायचा. फत्तेसिंग भेटला तर हात जोडायचा, पण थांबायचा नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, असं खंडोजीच्या आईनं बजावलं होतं.

फत्तेसिंगला मालधक्क्यावर हमाली मिळाली. वाटेत रघुजीचं दुकान लागू नये म्हणून तो रुळांच्या कडेनं, लांबच्या वाटेनं घरी येई. त्या वाटेवर बोलायला कुणी नसे.