घड्याळजींच्या दोन पिशव्या

"आई, गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही पहिल्यांदा काय विचारता?"

सुनेनं सकाळपासून हेच चौथ्यांदा विचारलं, तेव्हा मी चामडं कापायची रापी खाली ठेवली.

"काही विचारत नाही. पाय बघते. तोंड बघायला आरसेवाला आहे."

ती हसली आणि वहीत लिहून घेतलं. माझ्या तोंडचा कचराही ही जपून ठेवते, म्हणजे हिला काहीतरी हवंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

बाजारातला बूट ज्यांना बसत नाही, त्यांचे बूट आम्ही करतो. आखूड पाय, वाकडे पाय, बोटं गेलेले पाय. हे गेल्यापासून बावीस वर्षं हा धंदा माझ्या हातावर चालतो. शाळा माझी दोन इयत्तांची. अक्षरं लागतात, पण एकेक करून. म्हणून खुणा माझ्या स्वतःच्या: ठिपका म्हणजे दुखतं, फुली म्हणजे हात लावू नये, रेघ म्हणजे टाचेखाली एका बोटाएवढी जाड भर घालायची. भिंतीवर तीनशे कापडी पिशव्या टांगलेल्या आहेत. प्रत्येकीत पायाचा कागद, जुन्या तळाचा तुकडा आणि त्या माणसाचं जे काही लागेल ते.

सून कॉम्प्युटरवर काम करते. दोन महिन्यांपूर्वी म्हणाली, पिशव्या कॉम्प्युटरच्या आत घेऊ. आधी तिनं बारा रकाने आखले. मी मजा बघत बसले.

"या बाईला डाव्या पायाला चारच बोटं आहेत. पाचव्याच्या रकान्यात काय भरशील, माती?"

दुसरी असती तर फणकारली असती. हिनं सगळं पुसून टाकलं.

"चुकलंच माझं, आई. रकाने नकोतच. भिंतीवर आहे तशीच आतही माणसाची पिशवी. कुणाच्या पिशवीत दोन गोष्टी, कुणाच्या वीस. फक्त पिशवी काढल्यावर तुम्ही काय शोधता, ते मला आधी कळायला हवं. कशाबरोबर काय ठेवायचं, ते त्यावरून ठरतं."

म्हणजे पिशव्या नकोच होत्या बाईसाहेबांना. माझं डोकं हवं होतं. ते रिकामं झालं की म्हातारीला स्टुलावरून उठवायला कितीसा वेळ! मी तेव्हापासून तिरकीच उत्तरं द्यायला लागले. मुलगा आणि ती बोलत असली आणि मी आत गेले, की दोघं गप्प. मी काय आंधळी आहे?

एकदा तिनं विचारलं, "घड्याळजींच्या दोन पिशव्या का हो?"

घड्याळजी म्हणजे कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात ते. डावा पाय आखूड.

"एक बाहेरच्या बुटांची, एक घरातल्या सपातांची. बूट न्यायला ते येतात, सपाता न्यायला बायको. जी हवी ती एकच काढायची, धुंडाळत बसायचं नाही."

"मग पायाची खूण दोन्हीत?"

"दोन्हीत."

"आणि पाय बदलला तर?"

"दोन्हीत बदलायची. मी काय झोपा काढते?"

तिला अजून काही बोलायचं होतं. मी चामडं पुढे ओढलं. "नंतर."

आठवड्यानं घड्याळजी आले ते बायकोच्या आधारानं. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. माझ्याकडच्या नव्या सपाता घालून न्हाणीत गेले आणि कलंडले.

"ताई, सपात उंच झाली वाटतं," ते हळूच म्हणाले.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं उजवं मनगट! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"माझ्या पिशव्यांत हात कुणी घातला?" मी त्यांच्यादेखत सुनेवर ओरडले. ती स्टूल घेऊन भिंतीकडे गेली. न बोलणारीवर माझा दुप्पट संशय. दोन्ही पिशव्या तिच्याकडून काढवून घेतल्या आणि टेबलावर उलट्या केल्या.

बुटांच्या कागदावर दोन रेघा, त्यातली एक खोडलेली. ऑपरेशननंतर घड्याळजींचा पाय थोडा लांबला, तेव्हा मीच खोडली होती. सपातांच्या कागदावर दोन रेघा. दोन्ही ठणठणीत. हात माझाच.

सपातांची पिशवी सर्वांत वरच्या रांगेत. त्या दिवशी स्टुलावर चढायचं राहून गेलं होतं. राहून कसलं, टाळलं होतं.

"चूक माझी आहे," मी घड्याळजींना म्हटलं.

"अहो, बावीस वर्षांत एकदा—"

"माझी बाजू घेऊ नका. सपाता काढा."

तिथल्या तिथे टाचेखालची एका बोटाची भर कापून काढली. सून त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेली. तिची वही टेबलावरच राहिली होती. मी उघडली. चोरून नाही, उजेडात धरून, अक्षराला अक्षर लावत.

नुसते प्रश्न होते. पानंच्या पानं प्रश्न. 'घड्याळजींच्या दोन पिशव्यांत खूण वेगळी. खरी कुठली?' त्याखाली लिहिलं होतं, 'आई म्हणाल्या, नंतर.' त्याखाली तारीख बदलून परत, 'आई म्हणाल्या, नंतर.'

शेवटच्या पानावर एकच ओळ. 'आई दुकानात नसतील तेव्हा गिऱ्हाईक कुणाला विचारेल?' खाली पान कोरं.

हीच ओळ पकडायला मी दोन महिने टपून बसले होते. सापडली, तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून लावून वाचली.

ती परत आली. उघडी वही बघून दारातच थांबली.

"आई, तसं नाही हो—"

"कागद आण. मोठा. आणि नवी पिशवी."

"कुणाची?"

मी बूट काढले. आयुष्यभर गावाचे बूट केले, माझ्या पायात मात्र ह्यांचे जुने, पुढे चिंध्या कोंबलेले. उजव्यातल्या चिंध्या वर्षापूर्वीच काढाव्या लागल्या होत्या. कागदावर पाय ठेवला. ती खाली बसली.

"पेन्सिल उभी धर. तिरपी धरलीस तर पाय खोटा येतो."

टाचेपासून सुरू करून ती घोट्यापाशी आली आणि थांबली. तिथली सूज दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिली. खड्डा पडला, तो भरून येईना.

"आई, हे कधीपासून?"

"आता विचारलंस ना? लिही," मी म्हटलं. "सगळं सांगते."