गल्ली पास झाली

खारूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि खारूच्या आईला एकाच गोष्टीची धास्ती होती. उद्या आपण नसलो तर या पोरीशी बोलणार कोण? घरात दोघीच. शाळेत हातांची भाषा होती, पण शाळा सुटून पोर गल्लीत शिरली की तिचे हात खिशात जायचे. मग आईनं कंबर कसली आणि सगळी गल्लीच शिकायला बसवली.

बेकरीवाल्या मावशींनी भट्टीमागची खोली दिली. मैद्याच्या पोत्यांवर बसून वर्ग भरू लागला. शिकवायला एक संस्था शिंपीकाकांना पाठवायची. काका स्वतः बहिरे. गळ्यात टेप तशीच लोंबत असायची, आणि त्यांचे हात चालू झाले की खारू खुदुखुदू हसायची. वर्गाची प्रमुख म्हणून नाव खारूच्या आईचं.

गल्लीला हौस दांडगी, पण नुसत्या हौसेनं बोटं वळत नाहीत. सलूनवाला 'ऊन' दाखवायला जायचा आणि 'अंडं' दाखवून बसायचा.

"ताई, कात्रीशिवाय माझे हात मुकेच आहेत बघा."

"हात मुके असतील," मावशी म्हणायच्या, "तोंडाची कात्री काय कमी चालते तुझी?"

हसण्यात तास संपायचा. वर्ष सरत आलं तरी गल्लीचं गाडं 'ये, बस, पाणी घे' याच्या पुढे सरकेना.

तेवढ्यात निरोप आला की संस्थेच्या मॅडम वर्ग तपासायला येणार. वर्ग कच्चा निघाला तर बंद करतील, असं खारूच्या आईनं आपल्या मनानंच धरलं. कुणाला विचारायचं तिला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तिनं विचारलं नसतं. तिनं प्रत्येकाला चार-चार वाक्यं वाटून दिली आणि घोटून घेतली. कुणी कुणाला काय विचारायचं, पुढच्यानं काय उत्तर द्यायचं, सगळं ठरलेलं. मावशी पीठ मळता मळता घोकायच्या, वॉचमन गेटवर हातवारे करायचा. येणारे-जाणारे त्याला वळून वळून बघायचे.

काकांनी मान हलवली. "ही कवायत आहे," त्यांचे हात म्हणाले. "बोलणं नाही."

"एवढी एक वेळ निभावून नेऊ, काका," आईनं हातांनीच विनवलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी ती बेकरीत गेली तेव्हा मावशी पोत्यांमागे तोंडाला फडकं लावून रडत होत्या. लेकीचं सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. "कुणाला बोलू नकोस गं," त्या म्हणाल्या. "लेकीनं शपथ घातलीय. लोक येऊन चुकचुकतील, ते तिला सोसायचं नाही." खारूच्या आईनं त्यांचा हात दाबला. "मावशी, उद्या तुम्ही नका येऊ." "वा गं! माझ्यावाचून खारूचा वर्ग बुडवू?" असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा कणीक मळायला घेतली. खारू दारात उभी होती. तिला काही ऐकू आलं नव्हतं. दिसलं सगळं होतं.

मॅडम आल्या. वयस्कर, हसऱ्या, खालच्या पोत्यावर बसायलाही न लाजणाऱ्या. हातांची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून आईनं सांगत जायचं ठरलं. गल्लीनं त्या दिवशी कमाल केली. कुणी अडखळलं नाही, कुणाचं बोट चुकलं नाही. सलूनवाल्यानं तर ऊन अस्सं पाडलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. "ही गल्ली आता आपल्या पायांवर उभी आहे. काकांना आम्ही पुलापलीकडच्या वस्तीत देतो. तिथं तीन बहिरी पोरं आहेत, शिकवायला कुणी नाही."

खारूची आई पुढं सरकली. "आणि वर्ग कच्चा निघाला असता तर?"

"तर आणखी वर्षभर काका इथंच. कच्च्यालाच शिकवायचं ना?"

"मॅडम, कच्चाच आहे आमचा वर्ग. खरंच."

"ताई, लाजता कशाला?" सलूनवाला म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. "आम्ही एवढं केलं ते काय कच्चं?"

मॅडमनी तोड काढली. "खारूलाच विचारू दे. कुणालाही, काहीही. आपोआप कळेल."

आईला हायसं वाटलं. ठरलेल्या वाक्यांबाहेर पोरीनं काही विचारलं की सगळं उघडं पडणार होतं. खारू सगळ्यांवरून नजर फिरवत मावशींसमोर आली. तिचे हात हळूहळू चालले, लहान मुलाशी बोलावं तसे.

'काल तू का रडत होतीस?'

मावशींना ओ की ठो कळलं नाही. पण पोर आपल्याकडेच आली याचाच आनंद एवढा, की त्यांनी तोंडभर हसून घोकलेलं उत्तर दिलं. 'मी छान आहे. तू कशी आहेस?'

खारू त्यांच्याकडे बघतच राहिली.

"काय विचारलं तिनं?" मॅडमनी विचारलं.

काकांनी आईकडे बघून हात हलवला. 'सांग.' सांगितलं असतं तर वर्ग वाचला असता, आणि मावशींचं दुःख त्याच क्षणी गल्लीच्या तोंडी गेलं असतं. आईनं मावशींच्या त्या हसऱ्या, रात्रभर न झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कशी आहेस, असं विचारलं," ती म्हणाली.

"आणि उत्तर?"

"बरोबर आहे."

सलूनवाल्यानं शिट्टी मारली. "गल्ली पास झाली!"

काका गेल्यावर वर्गाची वेळ आली की दोघं-चौघं सवयीनं बेकरीत डोकावायचे, पाव घ्यायचे आणि जायचे. एका दुपारी मावशींनी खारूच्या आईला हाक मारली.

"खरं सांग. त्या दिवशी पोरीनं काय विचारलं होतं? माझं उत्तर चुकलं, मला तिच्या डोळ्यांत दिसलं."

आईनं सांगितलं. मावशींनी पिठाची परात बाजूला सारली.

"एवढ्या गल्लीत एका पोरीला दिसलं," त्या म्हणाल्या, "आणि मी तिला छान आहे म्हणून सांगितलं."

खारू शाळेतून येत होती. मावशी तशाच पिठाच्या हातांनी धावल्या, गुडघ्यांवर बसल्या. काय सांगायचं ते त्यांच्या डोळ्यांत काठोकाठ होतं, पण हात हवेत उठले आणि तसेच थबकले. त्या हातांना 'बाळ' येत नव्हतं, 'लेक' येत नव्हतं, 'दुखतं' तेवढंसुद्धा येत नव्हतं. शेवटी त्यांनी मायेनं खारूचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले आणि रडू लागल्या.

खारूनं हात ओढले. मावशींनी आणखीच घट्ट धरले. पोर चुळबुळली, पुन्हा ओढू लागली, आईकडे बघू लागली.

"मावशी," आई म्हणाली, "हात सोडा तिचे. तिला काहीतरी म्हणायचंय."