आरोपी नंबर नऊ

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. नवसीच्या बाबतीत सरकारला सहा वर्षं लागली. मग एका सकाळी मनोरच्या पलीकडच्या डोंगरातला तिचा पाडा शोधत एक पोलीस आला. शेवटचा चढ त्याला पायीच चढावा लागला होता. त्यानं लोटाभर पाणी पिऊन समन्स पुढे केलं आणि म्हणाला, "बाई, तुमची साक्ष आहे. पालघरला कोर्टात यायचं. आला नाहीत तर वॉरंट निघेल."

मार खाल्ला नवसीनं आणि वॉरंटही निघणार ते नवसीच्याच नावाचं! पण नवसी रागावली नाही. पोलीस उतरणीला लागल्यावर ती मुलीला, मोनालीला, म्हणाली, "बरा झाला गं. आता तरी कोनाला इचारता येल, तो पोरगा कुठं हाय."

पाड्यावर कुणालाही विचारा, तो पोरगा म्हणजे कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षं ती दुसरं काही बोलतच नव्हती.

त्या वर्षी पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाईलवरून फिरत होत्या. भात झोडून झालं की नवसी बोईसरला नाक्यावर मजुरीला उभी राहायची. एका दुपारी काम मिळालं नाही म्हणून ती बाजारातून परत निघाली, तर वाटेत दीड-दोन वर्षांचं एक पोर एकटंच भोकाड पसरून उभं. पाड्यावरची रीत अशी की चुकलेलं पोर दिसलं की त्याला कडेवर घ्यायचं आणि 'कोनाचा हाय, कोनाचा हाय' करत घरोघर हिंडायचं. चार घरं होतात न होतात तोच पोराची आई सापडते, वर चहाही मिळतो. नवसीनं तेच केलं. पण हा पाडा नव्हता. तिसऱ्या दुकानाशी कुणीतरी ओरडलं, "पोर पळवणारी! धरा!"

दोनशे माणसं जमली असतील. केस धरून तिला रस्त्यावर पाडलं, लुगडं ओढलं, पोलकं फाडलं. ज्यांना जागा मिळाली त्यांनी लाथा घातल्या आणि ज्यांना मिळाली नाही ते मोबाईल वर धरून उभे राहिले. एका बाईला उघडी करून मारायला दोनशे माणसांना वेळ होता, 'बाई, पोर कुणाचं?' एवढं विचारायला एकालाही नव्हता. ते पोर तिच्याकडून कधी आणि कुणी काढून घेतलं, हे तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की कुणीतरी गर्दी फाडत आत आलं. पंचविशीच्या आतबाहेरचा पोरगा. त्यानं अंगातला निळा शर्ट काढून तिच्यावर घातला आणि स्वतः तिच्यावर ओणवा झाला. "आई, हलू नको," एवढंच तो म्हणाला. मग लाथा त्याच्या उघड्या पाठीवर पडू लागल्या. तिला त्यांचा नुसता आवाज ऐकू येत होता.

शुद्ध आली तेव्हा ती दवाखान्यात होती. पोरगा नव्हता आणि शर्टही नव्हता. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला तिनं तीन वेळा त्या पोरग्याचं सांगितलं. "ते नंतर बघू," म्हणत त्यानं आपल्याला हवं तेवढं लिहिलं आणि तिचा अंगठा उठवून घेतला.

बरी झाल्यावर ती बोईसरला जाऊन दुकानादुकानात विचारून आली. पण त्या दिवशी आपण तिथं होतो असं कबूल करायला एकही माणूस तयार नव्हता. बाजार काय रिकामाच होता म्हणायचा! तेव्हापासून दर वर्षी नवं खायच्या दिवशी देवाला आणि वाडवडलांना वाढून झालं की नवसी आणखी एक पान मांडायची आणि त्यावर नव्या तांदळाचा भात वाढायची, त्या पोरग्याच्या नावानं. बाया चिडवायच्या, "नाव नाय, गाव नाय, आन जेवाया वाढते!"

"नाव नसंल," नवसी म्हणायची, "पाठ तर व्हती."

तर अशी ती मोनालीला घेऊन, मनोरला एसटी बदलून पालघरला पोचली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. नवसीला त्याच पायऱ्या तीन तारखांना चढाव्या आणि उतराव्या लागल्या. एकदा जजसाहेब रजेवर होते, एकदा आरोपींचे वकील आले नाहीत. तिसऱ्या तारखेला सरकारी वकील स्नेहल मॅडम तिला व्हरांड्यात घेऊन बसल्या. बाई भल्या होत्या, पण काखेत एवढ्या फायली होत्या की भलेपणाला हात मोकळे नव्हते.

"नवसीबाई, आरोपी चौदा आहेत," मॅडम म्हणाल्या. "आपले तीन साक्षीदार फितूर झाले. त्या चुकलेल्या पोराची आईसुद्धा म्हणाली, मी काही पाहिलं नाही. व्हिडिओ आहे, पण ज्या मोबाईलवर काढला तो पोलिसांनी जप्तच केला नाही. आता तुमच्यावर सगळं आहे. तुम्ही कुणाकुणाला ओळखाल?"

"तिघांना," नवसी म्हणाली. "मोबाईलच्या दुकानवाला, केस धरनारा, आन लुगड्याला हात घालनारा. त्यांना मरताना पन वलखीन."

"छान. आणि नंबर नऊ तर पक्काच आहे. व्हिडिओत तुमच्यावर वाकलेला दिसतो. शिवाय त्याचा शर्ट जागेवर सापडला, रक्त लागलेला. कंपनीचा शर्ट, खिशावर नंबर. त्यावरूनच पोलीस दुसऱ्या दिवशी समुद्राकाठच्या नवापूरला त्याच्या घरी गेले."

नवसी उठून उभी राहिली. "निळा शर्ट?"

"हो."

"मॅडम, तो पोरगा माझा हाय. त्यानं मला झाकला."

मॅडमनी हातातली फाईल मिटली. मग हळूच म्हणाल्या, "तो तसंच सांगत होता. सगळेच आरोपी काही ना काही सांगतात. तुमच्या जबाबात तसं काही नव्हतं."

मारणारे दोनशे जण आपले शर्ट अंगात घालून घरी गेले होते. ज्यानं अंगातला काढून दिला, त्यालाच त्या शर्टानं धरून दिलं. सहा वर्षं नवसी त्याला शोधत होती आणि सहा वर्षं तो तिच्याच केसमध्ये तारखांना खेटे घालत होता. मॅडमनी बाकीचंही सांगितलं. हितेश नाव. तीन महिने कोठडीत होता. कंपनीतली नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. आता मासेमारीच्या बोटीवर जातो आणि तारीख आली की बोट सोडतो. साक्षीदाराला भेटायचं नाही, या अटीवर जामीन मिळालेला, म्हणून तो तिच्याकडे कधी फिरकला नव्हता.

"आता नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्याला सोडवलंत तर समोरचे वकील म्हणणार, पोलिसांनी माणसंच चुकीची धरली. एक चुकीचा, तर सगळेच चुकीचे. तुमचे ते तिघेही सुटतील. मी खोटं बोला म्हणत नाही. पण त्याच्याबद्दल विचारलं आणि तुम्ही 'आठवत नाही' म्हणालात, तर..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मोनालीनं पुरं केलं. तिनं तो व्हिडिओ पाहिला होता. आईला कधी सांगितलं नव्हतं, पण पाहिला होता. "आये, त्या तिघांना सोडू नको," ती रडवेली होऊन म्हणाली. "त्याचा काय तो वकील बघंल. तू त्या तिघांना सोडू नको."

नवसी भिंतीला टेकून बसली. तिघं आत जावेत असं तिला वाटत नव्हतं असं नाही. खूप वाटत होतं. सहा वर्षं अंघोळ करताना तिला त्यांचे हात आठवत होते. पण गप्प बसलं तर त्यांच्याबरोबर तोही आत जाणार होता. पुकारा झाला, तरी तिचं काही ठरलं नव्हतं.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर आधी तिनं तिघांकडे बोट दाखवलं. एकेकाला, नाव नाही तर काम सांगून. बोट जरासुद्धा हललं नाही. मॅडमचा चेहरा उजळला. मग नवसीची नजर पुढे सरकली. ओळीच्या टोकाला पांढऱ्या शर्टातला एक वाळलेला माणूस खाली मान घालून उभा होता. पंचविशीतला पोरगा राहिला नव्हता तो, कानाशी केस पिकायला लागले होते. तिनं त्याला बघितलं आणि तिचं जे काही ठरायचं राहिलं होतं ते ठरून गेलं.

"साहेब," ती म्हणाली, "त्या कडंच्या पोरानं मला मारला नाय. सगले मला उघडी करीत व्हते, त्यानं झाकला. माझ्या वाटनीचा मार त्यानं खाल्ला. मी हवालदाराला तीन येला सांगितला, त्यानं लिवला नाय. आता तुमी लिवा." आणि तिनं आरोपींच्या दिशेनं दोन्ही हात जोडले. "बाबा, तुजं लय उपकार झालं. माझ्यापायी तुजं वाटोलं झालं, मला ठावंच नव्हता रे."

टाईप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. जजसाहेब म्हणाले, "बाई, हात जोडायचे तर कोर्टाला जोडा. आरोपीला जोडत नाहीत."

"तुमाला पन जोडते, साहेब," नवसी म्हणाली. "पन आधी त्याला."

हितेशनं समोरची दांडी घट्ट धरली होती आणि तो ढसाढसा रडत होता. शेजारचे तेरा जण त्याच्याकडे बघत होते, जसं काही यानंच मोठा गुन्हा केलाय.

पुढे मॅडम म्हणाल्या तसंच झालं. उलटतपासात आरोपींचे वकील खुशीत विचारत गेले. म्हणजे पोलिसांनी चुकीचा माणूस धरला? व्हय. तुमच्या डोक्याला मार लागला होता? व्हय. गर्दी होती? व्हय. मग बाकीचेही चुकीचे असतील? "नाय," नवसी म्हणाली, "ते मारनारेच हायत." पण तोवर त्यांचं काम झालं होतं.

चार महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन चौदाच्या चौदा निर्दोष. संशयाचा फायदा! नवसीवर संशय आला तेव्हा तिला लाथा मिळाल्या. यांच्यावर संशय आला तर यांना फायदा. फाटकाबाहेर मोबाईलवाल्याच्या माणसांनी पेढे वाटले आणि एकानं तर मोनालीपुढेही पुडा धरला, इतकीच लाज उरली होती. मोनालीनं तो हातानं उडवून दिला आणि ती आईच्या गळ्यात पडून रडली. स्नेहल मॅडम फायली घेऊन पुढच्या केसला निघून गेल्या. जाताना त्यांनी नवसीच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, एवढं मात्र खरं.

नवसीलाही वाईट वाटलं. का वाटणार नाही? पण वाईट वाटून संपल्यावरसुद्धा तिच्याकडे काहीतरी उरत होतं, आणि ते तिला कोर्टानं दिलेलं नव्हतं. तिनं माणूस शोधायला यायचं ठरवलं होतं आणि माणूस सापडला होता. आज रात्री तो आपल्या घरी, आपल्या माणसांत, मोकळा जेवणार होता. या एका गोष्टीनं तिचं मन भरून आलं होतं.

हितेश सगळ्यांत शेवटी बाहेर आला. आता जामीन नव्हता, अटही नव्हती. तो सरळ तिच्याकडे आला आणि पाया पडायला वाकला. तिनं त्याला वरच्यावर धरलं.

"मावशी, आधी ऐका," तो म्हणाला. "कोर्टात तुमी माजे उपकार मानले, तवापासून मला झोप नाय. मी लगेच नवतो आलो. मी पण त्या गर्दीतच होतो. 'धरा तिला' असं मी पण ओरडलो. दोन-तीन लाथा पडल्या तोवर मी उभा राहून बघत होतो. हे तुमाला सांगायला सहा वर्षं थांबलोय. आता तुमी मला काय बोलायचं ते बोला."

मोनाली रडायची थांबली. नवसीनं विचारलं, "मंग आलास कशापायी?"

"ते पोर," हितेश म्हणाला. "तुमाला लाथा बसत होत्या आणि तुमी त्याला पोटाखाली घेऊन बसलेल्या. त्याला एक पण लागू देत नवत्या. मला वाटलं, पळवणारी असती तर पोर टाकून पळाली असती."

नवसीला हे आठवत नव्हतं. सहा वर्षं ती समजत होती, देवानं पाठवला. तिनं खरखरीत हातांनी त्याचं तोंड धरलं.

"दोनशे मानसांच्या समोरच पोराला घेऊन बसले व्हते ना रे मी?" ती म्हणाली. "तुलाच एकट्याला कसा दिसला?"

तो लहान पोरासारखा रडत राहिला आणि ती त्याच्या पाठीवरून, जिथं जिथं लाथा बसल्या असतील तिथं तिथं, हात फिरवत राहिली.